दोष सेन्सरमध्ये की तारेत? इंजिनाचा दिवा पेटल्यावर काय मोजायचे असते

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटतो. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, पडद्यावर एका सेन्सरचे नाव येते, तो सेन्सर बदलला जातो आणि दिवा विझतो. आठवडाभराने पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड. मग आणखी एक सेन्सर बदलला जातो आणि कधी कधी गाडीचा संगणकच बदलण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी गाडीच्या मालकाला पडणारा प्रश्न अगदी रास्त असतो: यंत्रानेच दोष दाखवला होता, तर तो भाग बदलूनही दोष गेला कसा नाही?

याचे उत्तर असे की स्कॅनरने दोष दाखवलेलाच नसतो. कोणत्या सर्किटमधून आलेला निरोप संगणकाला पटला नाही, एवढेच तो सांगत असतो. सर्किट म्हणजे विजेचा जाऊन परत येण्याचा संपूर्ण मार्ग. त्यात सेन्सर हा एक टप्पा असतो. तारा, त्यांना जोडणारे कनेक्टर, कनेक्टरच्या आतल्या पिना, फ्यूज, परतीचा रस्ता आणि खुद्द संगणक हे बाकीचे टप्पे. यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी पडद्यावर नाव सेन्सरचेच येते.

संगणकाला तापमान कळत नाही, व्होल्टेज कळते

इंजिन चालवणाऱ्या संगणकाला ईसीयू म्हणतात. इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे तो सेन्सरांनी पाठवलेल्या माहितीवरून ठरवतो. मात्र पाणी गरम आहे की थंड, हवा किती येते आहे, पेडल किती दाबले आहे, यांतले काहीही त्याला थेट दिसत नाही. बहुतेक सेन्सरांच्या बाबतीत त्याच्यापर्यंत पोहोचते ते केवळ व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब. अमुक व्होल्टेज म्हणजे अमुक तापमान, असा तक्ता त्याच्या स्मृतीत असतो आणि त्या तक्त्यावर त्याची पूर्ण भिस्त असते.

इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर समजायला सर्वांत सोपा आहे. त्याला दोनच तारा असतात. त्याच्या आत असलेल्या पदार्थाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तापमान वाढले की कमी होतो. बऱ्याच गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम असतो, ६० अंशांना सुमारे ६०० आणि ८० अंशांना ३२० ओहमच्या आसपास. ईसीयू स्वतःच्या आतील एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरच्या टोकांवर त्यांपैकी किती व्होल्ट उरले ते पाहतो. थंड इंजिनात जास्त उरतात आणि गरम इंजिनात कमी.

दाब किंवा थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, स्थिती मोजणाऱ्या सेन्सरांना साधारणपणे तीन तारा असतात. एका तारेने ५ व्होल्टचा पुरवठा येतो, दुसरी परतीची म्हणजे अर्थिंगची असते आणि तिसरीवरून निरोप जातो. बोलणारा सेन्सर आणि ऐकणारा ईसीयू यांच्यामध्ये कित्येक फूट तार, दोन-चार कनेक्टर आणि इंजिनाची सततची उष्णता व थरथर असते. निरोप बिघडतो तो पुष्कळदा याच वाटेवर.

कोड वाचताना होणारी पहिली चूक

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून गाडीने स्वतःची तपासणी करून ठरावीक नमुन्याचे कोड देण्याची सक्ती झाली. आज जगभरातील गाड्यांना असलेला १६ पिनांचा स्कॅनर-जोड याच व्यवस्थेचा भाग आहे. व्यवस्था उत्तम आहे. गैरसमज होतात ते कोडाचे शब्द वाचताना.

पी ०११८ हा कोड पाहा. त्याचे वर्णन ‘पाण्याच्या तापमानाचे सर्किट, निरोप उच्च’ अशा अर्थाचे असते. इंजिन फार तापले आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात येथे उच्च आहे ते व्होल्टेज. वर पाहिल्याप्रमाणे व्होल्टेज जास्त म्हणजे तापमान कमी. तार तुटली किंवा कनेक्टर निसटला तर वीज परत येऊच शकत नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच उरतात आणि ईसीयूच्या तक्त्यानुसार पाणी उणे ४० अंशांवर पोहोचते. भर उन्हात तापलेल्या इंजिनाचे पाणी उणे ४० अंश असू शकत नाही, म्हणजे तेथे सर्किट उघडे पडले आहे. याउलट पी ०११७ म्हणजे निरोप निम्न. तार कोठेतरी धातूला टेकली आहे किंवा सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे, म्हणजे त्याची दोन टोके आत थेट जोडली गेली आहेत, आणि पडद्यावर तापमान अशक्यप्राय उंच दिसते.

यातूनच एक सुंदर चाचणी निघते, जिला पाच मिनिटे पुरतात. दोन तारांच्या तापमान-सेन्सरचा कनेक्टर काढावा. स्कॅनरवरचा आकडा उणे ४० च्या जवळ गेला पाहिजे. मग कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या छोट्या तुकड्याने जोडाव्यात. आकडा तक्त्याच्या वरच्या टोकाला, सहसा १३० अंशांच्या पुढे गेला पाहिजे. दोन्ही वेळा असे घडले तर तारा आणि ईसीयू निर्दोष आहेत आणि संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर येतो. घडले नाही, तर नवा सेन्सर आणून काहीच उपयोग नाही. ही युक्ती फक्त दोन तारांच्या तापमान-सेन्सरसाठी आहे. तीन तारांच्या सेन्सरवर ती करू नये, कारण तेथे ५ व्होल्टचा पुरवठाच अर्थिंगला जोडला जाण्याचा धोका असतो.

एकाच वेळी चार सेन्सर कसे बिघडतील?

स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड दिसले की गाडी पार खिळखिळी झाली, असे मालकाला वाटते. माझ्या मते ही उलट चांगली खूण आहे. चार वेगवेगळे भाग एकाच सकाळी मरण्यापेक्षा त्या चौघांना सामाईक असलेली एखादी गोष्ट बिघडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

५ व्होल्टचा पुरवठा ही अशीच सामाईक गोष्ट आहे. इमारतीच्या चार घरांना एकाच नळवाहिनीतून पाणी येत असेल आणि एका घरातला पाइप फुटला, तर बाकीच्या तिन्ही घरांचे नळ कोरडे पडतात. त्यांच्या तोट्या बदलून काही साधत नाही. अनेक गाड्यांत एसीच्या वायूचा दाब मोजणारा सेन्सर आणि इंजिनाचे काही सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या वाहिनीवर असतात. एसीचा सेन्सर आतून शॉर्ट झाला की ५ व्होल्ट कोसळतात, थ्रॉटलचा किंवा दाबाचा निरोप नाहीसा होतो आणि गाडी वेग घेईनाशी होते. एसीचा या तक्रारीशी संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. पी ०६४१ आणि पी ०६४२ हे कोड याच पुरवठ्याविषयी बोलतात. ते इतर कोडांच्या गर्दीत असतील तर आधी त्यांच्याकडे पाहावे.

शोधण्याची रीत सरळ आहे. कोणत्याही एका सेन्सरच्या पुरवठ्याच्या पिनेवर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि रोध मोजणारे छोटे यंत्र, लावावा. ५ ऐवजी १ व्होल्ट दिसला, तर मीटर तसाच ठेवून त्या वाहिनीवरचे सेन्सर एकेक करून काढत जावे. जो काढताच मीटर ५ व्होल्टवर उडी घेतो, तो अपराधी. सगळे काढूनही आकडा हलला नाही, तर तार कोठेतरी घासून धातूला टेकली आहे; तीही निर्दोष ठरली तरच ईसीयूवर संशय घ्यावा. कोणते सेन्सर कोणत्या वाहिनीवर आहेत, हे त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून कळते, कारण एका ईसीयूमध्ये अशा दोन किंवा अधिक स्वतंत्र वाहिन्या असू शकतात. नकाशा न पाहता वायरिंग उघडणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

पाटावर उभे राहून मोजलेली उंची

पुरवठ्याइतकेच महत्त्व परतीच्या रस्त्याला आहे. पण अर्थिंगकडे दुर्लक्ष होते, कारण ‘ती तर नुसती बॉडीला जोडलेली तार’ असे मानले जाते. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो. मुलाची उंची भिंतीवरच्या खुणांनी मोजताना ते पाटावर उभे राहिले, तर पट्टी बरोबर असूनही उंची चुकीची येते. सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर गंज धरला की सेन्सर जणू पाटावर उभा राहतो. त्याची अर्थिंग ०.३ व्होल्टने उचलली गेली, तर थ्रॉटल बंद असतानाही ईसीयूला तो किंचित उघडा भासू शकतो.

म्हणून अर्थिंग वीज वाहत असतानाच तपासावी. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि पंखा लावावा, मल्टिमीटरची काळी सळी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल सळी सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर ठेवावी. येथे ०.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा अपेक्षित असतो. त्याहून जास्त दिसला, तर परतीच्या वाटेवर कोठेतरी अडथळा आहे.

मोठ्या प्रवाहाच्या ठिकाणी हा अडथळा किती लहान असला तरी पुरतो, हे एका हिशोबाने पटेल. ओहमचा नियम सांगतो की व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. स्टार्टर फिरताना १५० अँपिअर वाहत असतील आणि इंजिनाच्या अर्थिंगच्या जाड पट्ट्यात केवळ ०.०१ ओहमचा रोध असेल, तर १.५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. साध्या मल्टिमीटरच्या सळ्यांच्या तारांचाच रोध याहून जास्त असतो. त्यामुळे तो ०.०१ ओहम मीटरवर कधीच दिसणार नाही, पण पडलेले १.५ व्होल्ट मात्र स्वच्छ दिसतील.

याच कारणाने कोणत्याही कोडामागे लागण्याआधी बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू झाल्यावर सहसा १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसतात. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला, तर ईसीयू स्वतःच उपाशी असतो आणि अशा अवस्थेत नोंदवलेल्या कोडांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही.

दिवा पेटतच नाही, तरी दोष असतो

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रकार हा आहे. तार पूर्ण तुटली तर निरोप अशक्य होतो आणि ईसीयू ते ओळखतो. पण कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांब्यावर हिरवा थर चढला, तर निरोप चुकीचा असूनही शक्य कोटीतला राहतो.

समजा, तापमानाच्या सर्किटमध्ये या थरामुळे सुमारे २७५ ओहमची भर पडली. सकाळी २० अंशांना सेन्सरचा रोध २,५०० असतो, तो आता २,७७५ भासतो. चूक जेमतेम दोन-तीन अंशांची होते. तेच इंजिन ८० अंशांवर आले की ३२० च्या जागी ५९५ ओहम भासतात, म्हणजे ईसीयूच्या लेखी पाणी अजून ६० अंशांवरच आहे. गरम इंजिनाला तो थंड समजून जास्त इंधन देत राहतो. इंधनाचा खप वाढतो आणि धूर काळवंडतो, पण ६० अंश हे तापमान अशक्य नसल्याने सर्किटचा कोड येत नाही. काही गाड्यांत बऱ्याच वेळाने पी ०१२८ येतो. त्याचा अर्थ असा की पाणी अपेक्षेइतके तापत नाही. तो पाहून थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याचे तापमान राखणारी झडप, बदलला जातो, जो पूर्णपणे निर्दोष असतो.

मघाची पिना जोडण्याची चाचणी येथेही उपयोगी पडते. गंज तारेच्या वाटेत असेल तर पिना जोडल्यावर आकडा १३० च्या पुढे न जाता ८५ अंशांच्या आसपास अडकून राहतो, कारण सेन्सर बाजूला केला तरी २७५ ओहम वाटेत उरतातच. शिवाय ही चूक थंड इंजिनात जवळजवळ दिसत नाही, म्हणून आकडे गरम इंजिनावर आणि शक्य तर वेगळ्या थर्मामीटरशी ताडून पाहावेत.

‘पण तार तपासली होती, ती ठीक होती’

तार ठीक असल्याचा निर्वाळा बहुधा ओहम मोजून दिलेला असतो. त्यासाठी मल्टिमीटर अगदी नाममात्र प्रवाह सोडतो. विहिरीच्या दोरीचे सगळे पीळ तुटून एकच धागा उरला असेल, तरी रिकामी दोरी धड दिसते. भरलेला पोहरा ओढताना ती तुटते. तारेतला तांब्याचा एक तंतू उरला असेल तरी मीटर शून्य ओहम दाखवू शकतो. इंधनाचा पंप, इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सरचा हीटर यांच्या जास्त प्रवाहाच्या तारांना म्हणूनच भाराखाली तपासावे लागते. तारेची दोन्ही टोके मोकळी करून तिच्यातून एक लहान बल्ब पेटवून पाहावा. तो मंद पेटला तर तार दुबळी आहे. एक टोक जरी ईसीयूला जोडलेले असले तरी हा प्रयोग करू नये, कारण बल्बाचा प्रवाह ईसीयूच्या आतले नाजूक भाग जाळू शकतो.

‘नवा सेन्सर बसवल्यावर दिवा गेला होता, म्हणजे जुना खराबच होता ना?’

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण सेन्सर बदलताना आणखी दोन गोष्टी नकळत घडतात. कनेक्टर काढून पुन्हा बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि त्यांच्यावरचा पातळ थर खरवडला जातो. शिवाय स्कॅनरने कोड पुसला जातो. तात्पुरता संपर्क सुधारतो, दिवा विझतो आणि श्रेय नव्या सेन्सरला मिळते. थर पुन्हा जमला की दिवा परततो. खात्री करायची असेल तर दोष परतल्यावर जुना सेन्सर पुन्हा बसवून पाहावा. तोही काही दिवस ‘चांगला’ चालला, तर तो कधी खराब नव्हताच.

अर्थात सेन्सर खरोखरही मरतात. ऑक्सिजन सेन्सर धुराच्या वाटेवर बसलेला असतो आणि झिजतो. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, गती मोजणारा सेन्सर कधी कधी तापल्यावर बंद पडतो. गाडी अचानक थांबते, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर काही न झाल्यासारखी सुरू होते. तार, पुरवठा आणि अर्थिंग मोजून निर्दोष ठरल्यावर सेन्सर जरूर बदलावा. माझा आग्रह फक्त क्रमाविषयी आहे.

‘गॅरेजमध्ये नेली की गाडी नीट चालते’

अधूनमधून येणारा दोष शोधणे सर्वांत कठीण, आणि येथे मालकाची मदत मेकॅनिकच्या उपकरणांइतकीच मोलाची असते. दोष गरम इंजिनावर येतो की थंड, पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर येतो का, खड्ड्यात आदळल्यावर येतो का, वळताना येतो का, हे लिहून ठेवावे. खड्ड्याने येणारा दोष सैल पिन किंवा घासलेली तार सुचवतो आणि पावसाने येणारा कनेक्टरमधले पाणी. कोड नोंदवताना इंजिनाची गती, तापमान, भार यांची एक नोंद ईसीयू जपून ठेवतो. कोड पुसण्याआधी ती उतरवून घ्यायलाच हवी, कारण पुसल्यावर ती कायमची जाते. बॅटरी काढून दिवा विझवण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

पुढे मेकॅनिक स्कॅनरवर सेन्सरचा चालू आकडा समोर ठेवतो आणि वायरिंगचा जुडगा हाताने हळूहळू हलवत जातो. ज्या जागी हात लावताच आकडा उसळतो किंवा पडतो, तेथे शोध थांबतो. जुडगा जेथे धातूच्या आधारपट्टीला बांधलेला असतो, धारदार पत्र्याजवळून जातो किंवा सायलेन्सरच्या नळाला लागून असतो, अशा जागा आधी पाहाव्यात. गाडी बराच काळ उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या तारांचीही शक्यता धरावी. उष्णतेने येणाऱ्या दोषासाठी केस वाळवण्याच्या यंत्राने संशयित कनेक्टर तापवून पाहता येतो.

शोधताना नवा दोष निर्माण करू नये

तारेच्या आवरणाला टाचणीने भोक पाडून मोजणे सोपे असते, पण त्या भोकातून ओल शिरते आणि वर्षभराने तेथेच हिरवा थर तयार होतो. जाड सळी पिनेत खुपसली की पिन रुंदावते आणि पूर्वी नसलेला सैल संपर्क निर्माण होतो. म्हणून कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक सुई सरकवून मोजावे. पिवळ्या आवरणाच्या तारा व कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात आणि नारिंगी जाड केबल हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीतील घातक व्होल्टेजच्या. त्यांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावू नये.

दिवा स्थिर पेटला असेल तर हे सगळे शांतपणे करायला सहसा सवड असते. तो लुकलुकत असेल तर मात्र नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिनात इंधन न जळता बाहेर जात आहे आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, जाळू शकते. अशा वेळी वेग कमी करून गाडी लवकर थांबवावी.

दुरुस्ती झाल्याचे कसे ओळखावे

कोड पुसल्यावर दिवा विझतोच. त्यावरून दोष गेल्याचे सिद्ध होत नाही. ईसीयूच्या काही तपासण्या ठरावीक परिस्थितीतच होतात: थंड सुरुवात, पुरेसे तापलेले इंजिन, काही काळ स्थिर वेग. त्या पूर्ण झाल्या की नाही, हे स्कॅनरवर वेगळे दिसते. जपून ठेवलेल्या नोंदीत दोष जर ८० अंशांवर आणि चढावर आला असेल, तर तितक्याच तापलेल्या इंजिनाने तसाच चढ चढून पाहावा, मग तपासण्या पूर्ण झाल्याची खूण आणि कोडांची यादी पाहावी. मेकॅनिककडून बदललेला भाग परत घेताना त्याच्यासोबत दुरुस्तीआधी आणि नंतर त्या पिनेवर मोजलेले व्होल्टेजचे दोन आकडेही लिहून मागावेत.